हाताचा रकाना

क्लाराबाईंनी वही डॉक्टरांपुढे ठेवली, तिची कड टेबलाच्या कडेशी जुळवली आणि मगच त्या खुर्चीत बसल्या.

"दोन महिन्यांची नोंद आहे. पहिला महिना माझ्या सुनेच्या हातचा, दुसरा माझ्या. एकही दिवस कोरा नाही."

"थँक्यू, आजी."

"मी तुमची आजी नाही. क्लाराबाई म्हणा. आमच्या नंदाखालमध्ये फादरसुद्धा तसंच म्हणतात."

तरुण डॉक्टर ओशाळून हसले आणि वही उघडू लागले. ते मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातले. महिन्यातून एकदा वसईच्या या दवाखान्यात येत, त्यामुळे एलिनाला घेऊन दूरचा प्रवास करावा लागत नसे. चौदा वर्षांची एलिना कोपऱ्यात, लोखंडी कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसली होती आणि फ्रॉकचा बंद बोटाभोवती गुंडाळत होती. तिची आई प्रिस्का शेजारीच भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टरांनी दोनदा खुर्ची दाखवली, पण ती उठली नाही. अलीकडे ती जिथे टेकेल तिथे तिचे डोळे मिटत. आगाशीच्या पतपेढीत काउंटरवर बसल्या बसल्या तिला एकदा डुलकी लागली होती, हे क्लाराबाईंच्या कानावर आले होते.

एलिना बोलत नव्हती. स्वमग्नता हा शब्द घरात शिरला तेव्हा ती तीन वर्षांची होती. डोके आपटणे सुरू झाले सातव्या वर्षी, आणि ते काही गेले नाही. औषधे झाली, निरनिराळ्या शाळा झाल्या, कापूस भरलेल्या टोप्या झाल्या. टोपी ती डोक्यावर टिकू देत नसे. भुवई दोनदा शिवावी लागली. मागच्या वर्षी उजव्या डोळ्याचा पडदा फाटता फाटता वाचला, आणि तेव्हाच डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा विषय काढला. मेंदूत दोन बारीक तारा आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी. तारांतून अखंड सौम्य वीज जात राहील, तिने कदाचित हा मार थांबेल. फार थोड्या मुलांवर केलेले आहे, खात्री देता येणार नाही, हेही त्यांनी लपवले नव्हते.

क्लाराबाईंनी साफ नकार दिला होता. देवाने बंद करून पाठवलेले डोके माणसाने उघडायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. बहारीनहून त्यांच्या मुलाने, लेस्टरने, फोनवर होकार दिला, प्रिस्काने सही केली, आणि त्यानंतर आठवडाभर क्लाराबाई सुनेबरोबर जेवायला बसल्या नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर परीक्षा होती. एक महिना यंत्र चालू, एक महिना बंद. कोणता महिना कोणता ते घरच्यांना सांगायचे नाही. घरच्यांनी फक्त मार मोजायचे. पहिल्या महिन्यात प्रिस्काने रजा काढून मोजले. रजा संपल्यावर ते काम क्लाराबाईंकडे आले. त्यांनी कपाटातून एक जुनी जपमाळ काढली आणि मारागणिक एक मणी सरकवला. प्रार्थनेची माळ वेगळी ठेवली. त्या माळेवर त्यांना असले मोजायचे नव्हते.

डॉक्टरांनी आकडे संगणकात भरले आणि ते पडद्याकडे बघत राहिले.

"ऑपरेशनच्या आधी दिवसाला सरासरी दोनशे बारा. पहिल्या महिन्यात शहाण्णव. दुसऱ्या महिन्यात एकेचाळीस." त्यांनी घसा खाकरला. "आता सांगायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात मशीन चालू होतं. दुसऱ्यात बंद."

प्रिस्काचे डोळे उघडले.

"उलटं असेल, डॉक्टर."

"नाही, मॅडम."

"पहिल्या महिन्यात तिनं मला केस विंचरू दिले. सलग पाच-पाच तास झोपायची. ह्या महिन्यात कंगवा बघितला तरी..." तिने वाक्य सोडून दिले.

"ते मी नाकारत नाही. पण बंद असताना मार आणखी कमी झालाय. म्हणजे फरक मशीनमुळे पडलेला नाही, असंच आमची टीम म्हणणार. मग ते बंदच ठेवायचं आणि पुढे कधीतरी काढून टाकायचं."

प्रिस्काने पुन्हा भिंतीला डोके टेकले.

क्लाराबाईंचे खरे ठरले होते. छत्तीस वर्षे त्यांनी गावच्या शाळेत गणित शिकवले होते. आपले उत्तर बरोबर आल्याचा आनंद त्यांना नवा नव्हता. आज तो आला नाही. पहिल्या महिन्यातली एक दुपार आठवली. त्या ओटीवर केळे सोलत होत्या. एलिना आपण होऊन खुर्चीपाशी आली, त्यांच्या हातातून केळे घेतले आणि संपेपर्यंत तिथेच उभी राहून खाल्ले. सात वर्षांत तसे कधी झाले नव्हते. त्याचा रकाना वहीत नव्हता. आणि एकेचाळीस? दुसऱ्या महिन्यात दिवस दिवस पोरीच्या डोक्यापाशी काढल्यावर एकेचाळीस?

त्यांनी मांडीवरचा उजवा हात टेबलावर आणला. तळवा बोटांच्या मुळाशी सुजून निळा पडला होता. लग्नाची अंगठी तीन आठवड्यांपूर्वी साबण लावून काढावी लागली होती.

"डॉक्टर, माझी बेरीज बरोबर आहे. मोजणी चुकली आहे."

"म्हणजे?"

"मी मध्ये हात घालत होते. भिंत आणि तिचं डोकं, यांच्या मध्ये. हातावर पडलेले मी मोजले नाहीत."

"का?"

"तुम्ही छापून दिलेल्या कागदावर तीन रकाने आहेत. भिंत, जमीन आणि तिची स्वतःची मूठ. हाताचा रकाना नाही. तेव्हा मला ते बरोबरच वाटलं होतं."

डॉक्टरांनी त्यांच्या तळव्याकडे पाहिले. "अंदाजे किती असतील?"

"मी अंदाजे काही सांगत नाही."

"तरी पण?"

"रात्री हात उशीवर ठेवून झोपावं लागे, इतके."

"आई!" प्रिस्का म्हणाली. "मला म्हणालात, सांधे धरलेत. मी रोज तेल गरम करून देत होते."

"सांधे पण धरलेतच. बस तू."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही दमलेले दिसत होते. "मग दुसरा महिना बाद. एकेचाळीस धरताच येणार नाही." मग ते कोपऱ्याकडे वळले. "मॅडम, आता सगळं पहिल्या महिन्यावर आहे. तो नीट मोजलेला असेल, तर दोनशे बाराचे शहाण्णव झाले, एवढं मी टीमपुढे मांडू शकतो. सहा महिने तरी मशीन चालू ठेवतील. पण तुम्हीही हात घातला असेल, तर दोन्ही आकडे गेले. पुन्हा पहिल्यापासून. त्यात एक महिना पुन्हा बंद."

"पुन्हा बंद," प्रिस्का म्हणाली.

"तुम्ही हात घालत होता?"

"नाही. मी फक्त मोजलं."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि ते पडद्याकडे तोंड करून टंकू लागले. तेवढ्यात कपाटाचा पत्रा एकदा वाजला. क्लाराबाईंनी दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही. त्यांनी मान वळवली.

एलिना डोके मागे आपटत होती, एका लयीत, पूर्वी आपटायची तसेच. कपाट आणि तिचे डोके यांच्या मध्ये प्रिस्काचा तळवा होता. प्रिस्काचे तोंड डॉक्टरांकडे होते, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. आपला हात कुठे गेला आहे हे तिला ठाऊक असावे असे वाटत नव्हते. टोला येई तसा तो तळवा किंचित मागे सरे, टोला झेली आणि पुन्हा जागेवर येई. असे मागे सरायला शिकण्यात क्लाराबाईंचे दोन आठवडे गेले होते. त्याआधीचे सगळे टोले बोटांच्या मुळावर बसले होते. हा हात मोजणीची वही समोर आहे म्हणून महिनाभर मांडीवर पडून राहिला असेल, हे त्यांना कोणी शपथेवर सांगितले असते तरी पटले नसते.

"क्लाराबाई," डॉक्टर मागे न बघता म्हणाले, "पहिल्या महिन्यात तुम्ही घरीच होता ना?"

"होते."

"यांनी मध्ये हात घातला नाही, असं तुम्ही सांगू शकाल? घरातल्या दुसऱ्या माणसाचं म्हणून मला तसं लिहावं लागेल."

प्रिस्काने आता वर पाहिले. मग आपल्या हाताकडे पाहिले, आणि तो काढला नाही.

छत्तीस वर्षांत क्लाराबाईंनी कोणाच्या पोराला अर्धा गुण वाढवून दिला नव्हता. लेस्टर त्यांच्याच वर्गात होता. चौथीच्या सहामाहीला तो एका गुणाने नापास झाला, तेव्हा त्यालाही दिला नव्हता. तो घरी येऊन दिवसभर जेवला नव्हता, आणि त्यांनी ताट झाकून ठेवले होते.

"लिहा," त्या म्हणाल्या. "तिनं फक्त मोजलं."

संगणकाच्या कळा वाजत राहिल्या. "मग मशीन आजच सुरू करू. आईची सही लागेल."

क्लाराबाई टेबलाचा आधार घेऊन उठल्या. कोपऱ्यात गेल्या, साडी सावरली आणि आधी एक गुडघा, मग दुसरा, असे टेकत जमिनीवर बसल्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे सोपे नव्हते, आणि कोणी हात पुढे केलेला त्यांना चालला नसता.

"ऊठ," त्या सुनेला म्हणाल्या. "सही कर. आणि मग त्या खुर्चीत जरा बस."

प्रिस्का जागची हलली नाही.

"आई, मी..."

"मी विचारलं का काही?"

त्यांनी सुनेचा हात मनगटाला धरून हळूच बाजूला सारला, आपला सुजलेला तळवा त्या जागी ठेवला आणि पुढचा टोला यायच्या आत तो किंचित मागे घेतला.