मोकळ्या जागेची पूजा

आमच्या इमारतीच्या पार्किंगमधली माझी मोकळी जागा दसऱ्यापासून रोज अर्धा फूट वाढते आणि तेवढीच आमची बैठकीची खोली कमी होते. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे, त्यामुळे हे अंदाजपंचे सांगत नाही. रोज सकाळी सात वाजता पोलादी टेप घेऊन मी आधी खाली मोजतो, मग वर येऊन मोजतो. खालची जागा पंधरा फूट होती, वरची खोली चौदा. आकडे बदलतात, पण दोन्हींची बेरीज एकोणतीसच येते.

चूक माझीच होती हे आधी सांगून टाकतो. गाडी घ्यायची हे तीन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. कुठली कंपनी, कुठलं मॉडेल, तेही ठरलं होतं. अडलं एवढंच की त्या मॉडेलची नवी आवृत्ती येणार होती. आत्ताची घ्यावी तर महिन्याभरात नवी येऊन आपली जुनी होणार, आणि थांबावं तर किती थांबायचं हे कुणी सांगत नाही. माझ्या आयुष्यात मी घेतलेली प्रत्येक वस्तू मी घेतल्यावर लगेच सुधारली आहे. फ्रीज, स्कूटर, पाण्याचा फिल्टर, सगळं. हे मी एकदा जेवताना बोललो तेव्हा हेमलतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, यात तिलाही धरलंय का असं विचारलं होतं. मी आमटी वाढून घेतली.

दसरा आला तरी माझं ठरेना. माझे वडील, आबा, म्हणाले की साडेतीन मुहूर्तांतला एक असा हातचा घालवू नये. तेव्हा मी मधला मार्ग काढला. मुहूर्तावर जागेची पूजा करून ठेवायची, गाडी कुठली ते मागाहून बघू. हेमलता म्हणाली, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. पण मला माझी युक्ती आवडली होती. मी पिवळ्या पट्ट्यांच्या आत फरशीवर कुंकवानं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार ठेवला आणि नारळ फोडला. जिथे चार चाकं आली असती तिथे चार लिंबं ठेवली. आबांनी त्यांवर हळद टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही लिंबं चिरडलेली होती आणि जागा साडेपंधरा फूट झाली होती.

आबांना गाडी का हवी ते सांगायला हवं. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, आजऱ्याला असते. ती चौऱ्याऐंशीची, आबा एकोणऐंशीचे. तिला आता डोळ्यांनी फक्त उजेड आणि अंधार कळतो. आबांचे गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. सात वर्षं भाऊबीज झालेली नाही. तीन वर्षांपूर्वी आबांनी तिला फोनवर सांगितलं की आता पोराची गाडी येणार आहे, तिच्यातूनच येतो. मी भाड्यानं गाडी करून नेतो म्हटलं तर ते ऐकत नाहीत.

"आक्काला मी शब्द दिलाय, पोराच्या गाडीतनं येतो म्हणून," ते म्हणाले. "भाड्याच्या गाडीतनं उतरलो तर तिला दिसायचं न्हाई, पर मला ठावं असंल."



जागा दीड फूट वाढल्यावर मी शोरूमला गेलो. तिथले मुजावर म्हणून विक्रेते आहेत, चाळिशीतले, शांत. तीन वर्षांत मी त्यांच्याकडे इतका चहा प्यालो आहे की आता ते माझी साखर विचारत नाहीत. आत्ताची गाडी दारातच उभी होती. मी तिच्याकडे बघत असताना ती जुनी होत होती. पुढची सीट हळूहळू खोल बसली, आरशाच्या कडेला गंज आला आणि डॅशबोर्डवर कुणाचा तरी चष्मा दिसायला लागला. मी नजर काढून घेतली तेव्हा ते थांबलं.

"जास्त बघू नका साहेब," मुजावर म्हणाले. "घ्यायची असेल तर न बघता घ्या."

मी नवीचं विचारलं. ते मला आतल्या दालनात घेऊन गेले. तिथे करड्या कापडाखाली गाडीचा आकार होता. मी खाली काय आहे असं विचारलं. ते म्हणाले, अजून काही नाही, पण भरतंय. मी बोटानं दाबून पाहिलं. आंबत ठेवलेल्या इडलीच्या पिठासारखं ते दबलं आणि परत वर आलं. लांबी किती होणार ते मी विचारलं. येणार हे नक्की, एवढंच ते म्हणत राहिले.

घरी आलो तर भिंत अर्धा फूट आणखी पुढे आली होती. आमच्या बैठकीत खिडकीच्या भिंतीला उशाकडून लागून आबांचा दिवाण असतो. भिंत दिवाणाला ढकलत होती आणि दिवाण टीपॉयला. आबांनी तक्रार केली नाही. टीपॉय आम्ही गॅलरीत नेला, मग टीव्ही काढला, मग सोफा विकला. सोफा घेऊन जाणाऱ्या माणसानं खोली लहान आहे म्हणून आम्हाला सहानुभूती दाखवली. सोळाव्या दिवशी दिवाणाला जागा पुरेना म्हणून सुताराला बोलावून तो पायाकडून एक फूट कापून घेतला. आबांचे पाय बाहेर लोंबकळायला लागले, आणि दोन दिवसांनी भिंतीला टेकले.

मला लाज वाटत होती. ती जात नव्हती आणि वाढतही नव्हती. रात्री आबा कुशीवर वळताना गुडघ्यात कळ येऊन कण्हायचे, आणि मी आतल्या खोलीत पडून दोन्ही गाड्यांच्या सीटची उंची आठवत राहायचो.

रविवारी मी निर्णय घेतला. आत्ताचीच घ्यायची. कुणाला बोललो नाही, नुसतं मनाशी पक्कं केलं आणि झोपलो. सोमवारी सकाळी खोली अर्धा फूट परत आली होती. मी तीनदा मोजली. आबा म्हणाले की आज बऱ्याच दिवसांनी टाच टेकवायला जागा मिळाली. हेमलतानं शिरा केला. मी चेकबुक खिशात घालून निघालो आणि जिन्यातच मुजावरांचा फोन आला. माणूस भला आहे, त्यांना वाटलं मला माहीत असावं. नव्या गाडीची पुढची सीट दाराकडे फिरणार होती. बसणाऱ्यानं आधी बाहेर तोंड करून टेकायचं, मग सीट आपणच आत वळते. गुडघे वाकवावे लागत नाहीत.

मी जिन्यात उभा राहिलो. हे कुणासाठी होतं? आबांसाठीच ना? मग त्यांच्यासाठी थांबणंच बरोबर नव्हतं का? खाली जायचं की वर, ते मला कळेना. एक शेजारी दूध घेऊन वर गेले आणि रिकामी पिशवी घेऊन खाली आले, तरी मी तिथेच होतो. शेवटी मी वर आलो. मंगळवारी सकाळी खोली एकदम दीड फुटानं कमी झाली.

हेमलतानं आदल्या दिवशीच्या शिऱ्याचं भांडं घासताना मला सरळ विचारलं.

"अहो, तुम्हाला गाडी हवीय की बरोबर ठरायचंय?"

मला दोन्ही हवं होतं. मी तसं म्हणालो. ती भांडं घासत राहिली.

दिवाळी त्या खोलीत अशी झाली की पाहुण्यांना दारातूनच फराळ द्यावा लागला. आत्याचा फोन पाडव्याला आला. आबांनी तो कानाला धरला, पण खोली एवढी अरुंद होती की तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. उद्या येतोस न्हवं, असं तिनं विचारलं. आबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ती म्हणाली की ती दरवर्षीसारखं तबक करून बसेल, यायचं असेल तर ये, ओवाळायला तिला डोळे लागत नाहीत. आबांनी फोन माझ्या हातात दिला. आत्यानं माझी चौकशी केली. मी सांगितलं की गाडीचं जवळजवळ झालंच आहे. हे मी गेल्या वर्षीही सांगितलं होतं. तिनं मला आशीर्वाद दिला, त्याचं मला फार वाईट वाटलं.

भाऊबीजेच्या सकाळी खोली तीन फूट उरली. म्हणजे खाली सव्वीस. आबा अंघोळ करून, पांढरा सदरा आणि टोपी घालून भिंतीला पाठ लावून उभे होते, कारण दिवाणही काढावा लागला होता आणि बसायला जागा नव्हती. त्यांच्या हातात आत्यासाठी घेतलेल्या लुगड्याची पिशवी होती.

"मी खाली जाऊन बसतो," ते म्हणाले. "तिथं पाय तरी पसरता येतील."

मी त्यांना लिफ्टनं खाली नेलं. पिवळे पट्टे आता जवळपास गेटपर्यंत गेले होते. हेमलतानं वरून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. पट्ट्याशी आल्यावर मी आबांच्या कोपराला धरलं, पण त्यांनी पाय सहज उचलून आत टाकला. इतक्या वर्षांत त्यांचा गुडघा असा वाकलेला मी पाहिला नव्हता. ते खुर्चीवर बसले, पाय लांब केले आणि आजूबाजूला हुंगलं.

"आपल्या खोलीचाच वास येतोय," ते म्हणाले.

मीही वाकून हुंगून पाहिलं. खरंच येत होता. उदबत्ती, आयोडेक्स आणि जुन्या गादीचा. बाहेर पार्किंगमध्ये पेट्रोल आणि ओल्या सिमेंटचा वास होता, पट्ट्याच्या आत नव्हता. फरशी पायाखाली बारीक थरथरत होती. हेमलतानं फराळाचा डबा आणि एक स्टूल आणलं, आबांच्या मागे ठेवलं आणि पदर खोचून बसली. मी विचारलं, तू कुठे? ती म्हणाली, आजऱ्याला. भाजी आणायला चालल्यासारखं म्हणाली.

मला काय चाललंय ते कळत होतं आणि कळत नव्हतंही. ही गाडी नव्हती. पण मग ही आत्ताची नव्हती की नवी नव्हती? सीट फिरत नव्हती, पण आबांचे गुडघे दुखत नव्हते. मायलेज किती असेल? मी कुठल्याही यादीत ही पाहिलेली नव्हती. मी टेप काढून एकदा रुंदी मोजायचा विचार केला.

"बसतोस का ऱ्हातोस?" आबांनी विचारलं. ते रागावलेले नव्हते. समोर बघत होते.

मी उजवा पाय पट्ट्याच्या आत ठेवला. त्याच वेळी खिशातला फोन वाजला. मुजावर होते. म्हणाले, साहेब, कापड पूर्ण वर आलंय, गाडी भरली, पहिला नंबर तुमचा आहे. दहा मिनिटांत हो म्हणा, नाही तर दुसऱ्या नंबरला जाईल. मी म्हणालो, एक मिनिट.

जागा सुरू झाली. आवाज झाला नाही. पिवळे पट्टे, खुर्ची, स्टूल आणि माझा उजवा पाय गेटमधून बाहेर पडले, आबांनी उजवीकडे वळायचं म्हणून हात बाहेर काढला आणि ते वळले. डावा पाय मी पार्किंगमध्ये रोवून उभा होतो. मला वाटलं मी पडेन, पण पडलो नाही. उजवा पाय मांडीपासून लांबत गेला. दुखत नव्हतं. तो गेटच्या खांबाला घासत वळणावरून दिसेनासा झाला. दूधवाल्यानं त्याच्यावरून सायकल उचलून नेली.

मुजावर रंग सांगत होते. पांढरा, करडा, आणि एक निळा जो आधीच्या गाडीत नव्हता. मी ऐकत होतो. उजव्या तळव्याला वाटेतल्या कागलचे गतिरोधक लागले. मग बराच वेळ गुळगुळीत रस्ता, मग उत्तूरच्या पुढची थंडी. हेमलतानं डबा उघडला असावा, कारण चिवड्याचे दोन पोहे बोटांत अडकले. मग रस्ता थांबला आणि तळव्याखाली शेणानं सारवलेली जमीन आली. मी तिथे लहानपणी अनवाणी खेळलो आहे, त्यामुळे ओळखली.

निळा घ्यावा असं मला वाटत होतं, पण निळ्यावर धूळ दिसते. मी मुजावरांना तसं म्हणालो. ते म्हणाले, साहेब, पाच मिनिटं उरलीत.

उजव्या अंगठ्याला ऊब लागली. ती आली, गेली, परत आली. निरांजन होतं. आबा शेजारीच बसले असणार आणि आत्या अंदाजानं ओवाळत असणार, त्यातली खालची ऊब माझ्या अंगठ्यापर्यंत पोचत होती. मी फोन कानावरून काढला आणि डावा पाय उचलायला गेलो, पण तो उचलेना. पार्किंगच्या फरशीत तो घोट्यापर्यंत गेला होता. मुजावरांचा आवाज तळहातातून येत होता, मी हो म्हणालो का नाही एवढंच ते विचारत होते.

मी म्हणालो, जरा थांबा.

तेवढ्यात अंगठा गार झाला. निरांजन विझलं, की ओवाळून झालं आणि ते सगळे उठून आत गेले, ते मला इथून समजेना.