जादाचा ह

अप्पांनी अकरा वर्षं एका क्रियापदाचा पिच्छा पुरवला होता. क्रियापद साधंच, 'पिणे'. आपला 'पितो', संस्कृतातला 'पिबति' आणि जुन्या आयरिशमधला 'इबिद' ही एकाच घरची लेकरं. फक्त आयरिश लेकराचा 'प' वाटेत गळालेला. आयरिशसारख्या सगळ्या केल्टिक भाषांची जी मूळ भाषा, ती कुणी लिहून ठेवली नाही. लेकी-नातींच्या तोंडवळ्यावरून तिची रूपं जुळवायची आणि प्रत्येक रूपाआधी फुली मारायची. फुली म्हणजे, हे कुणी पाहिलेलं नाही, आमचं अनुमान.

"या घरात पाणी पिण्यापेक्षा त्या पिण्यावरच जास्त वेळ जातो," आई म्हणायची.

धाकटी मुलगी बापाचीच विद्या शिकली. अप्पांच्या हृदयाचं दुखणं सुरू झाल्यावर पुस्तकाची मुद्रितं, टिपा, पत्रं सगळं तिच्याकडे आलं. पुस्तकातल्या मुख्य प्रकरणाचा डोलारा एका अक्षरावर उभा होता. एका जुन्या आयरिश पोथीत, पानाच्या कडेच्या समासात, 'इबिद'ऐवजी 'हिबिद' लिहिलेलं होतं. 'प' एकदम गेला नाही, आधी त्याचा 'ह' झाला आणि या एका लेखनिकाच्या बोलीत तो टिकून राहिला, असं अप्पांचं म्हणणं.

पुस्तकात छापायला म्हणून धाकटीनं त्या पोथीच्या सगळ्याच पानांचे फोटो मागवले. एका दुपारी वाचनालयात ती ते चाळत बसली आणि एका पानाशी थांबली. त्या लेखनिकानं 'एक', 'घोडा', 'सोनं' या अर्थाच्या शब्दांनाही तोच 'ह' चिकटवला होता. त्या शब्दांत 'प' कधीच नव्हता. स्वरानं सुरू होणारा शब्द त्याला उघडाबोडका वाटायचा, एवढंच. तिनं फोटोंवर पेन्सिलीनं खुणा केल्या, सवयीनं तारीख घातली आणि घरी आल्यावर पाकीट आपल्या टेबलाच्या खणात सारलं.

डॉक्टर म्हणाले होते, त्रास होईल असं काही कानावर घालू नका. तिनं ते धरून ठेवलं. उद्या सांगू, बरं वाटलं की सांगू, असं करत आठ महिने गेले.

एका सकाळी अप्पांनी डिंक शोधायला तो खण उघडला. ती चहा घेऊन आली, तेव्हा फोटो टेबलावर पसरलेले होते आणि भिंग त्यांच्या हातात होतं.

"तारीख तुझ्याच हातची ना?"

"हो."

"आठ महिने मी तुला तेच प्रकरण वाचून दाखवत होतो. तू मान डोलावत होतीस."

"अप्पा, तुमची तब्येत..."

"चूक माझी आहे, तिचं मला काही नाही. माणूस चुकतो. पण तू मला वेड्यात काढलंस गं."

आवाज चढला नाही. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

त्यांनी प्रकरणावर स्वतःच्या हातानं काट मारली. त्यानंतर ते तिच्याशी जेवणाचं, औषधाचं बोलत, क्रियापदाचं नाही. मुद्रितं वाचायला शेजारचे निवृत्त टंकलेखक येऊ लागले. त्यांना आयरिशमधलं ओ की ठो कळत नसे. अक्षर अक्षर सुटं करून ते वाचत, अप्पा डोळे मिटून ऐकत, आणि धाकटी स्वयंपाकघरात भांडी विसळत उभी असे. दोनदा ती दारापर्यंत गेली. दोन्ही वेळा अप्पा वाचन थांबवून म्हणाले, "काही हवंय का?"

तिसऱ्या महिन्यात, भर दुपारी, खुर्चीतच ते गेले.

पुस्तक त्या प्रकरणाविना, 'चूक आढळल्यानं गाळलं' एवढ्या अप्पांच्या टिपेसह निघालं. प्रकाशनाच्या सभेत कुणीतरी म्हणालं, "एवढ्या वयात स्वतःची चूक स्वतः शोधून काढायची, याला मोठं मन लागतं." धाकटी पहिल्या रांगेत बसली होती. 

घरी परतताना आई म्हणाली, "पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस, तर चार दिवस जेवले नसते. पाचव्या दिवशी तुलाच हाक मारली असती."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली, आणि आईचा हात धरून तिला पायरी चढवू लागली.