मशीनची बडबड

पाटीवाल्याला एक खोड होती. अक्षर दिसलं की वाचल्याशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नसे. औषधाच्या बाटलीवरचं, बसच्या पाठीवरचं, भिंतीवर अर्धवट पुसलेलं, कुठलंही. आयुष्यभर पितळेवर नावं कोरून त्याचा हात जसा बसला होता, तसा डोळाही बसला होता. बायको म्हणायची, तुमच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे शाळेत जाणं, घरी पोचेपर्यंत भाजी सुकून जाते.

आता बायको नव्हती, आणि ही खोड त्याच्या अंगाशी आली होती.

त्याचं दुकान म्हणजे एकच लांबट खोली. दाराजवळच्या उजेडात त्याचा लाकडी बाक, छिन्न्या, हातोडी, पॉलिशच्या चिंध्या. आतल्या कोपऱ्यात बायकोची जागा. गिऱ्हाइकं बारीक अक्षरांच्या, झटपट हव्या असलेल्या पाट्या मागू लागली, तेव्हा तिने कोरायचं एक जुनं मशीन आणलं आणि ते चालवायला एक त्याहून जुना कॉम्प्युटर. त्यात लिनक्स होतं. चित्रं नाहीत, माऊस नाही. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. आपण हुकूम टाइप करायचा आणि मशीनने तो पाळायचा. याला टर्मिनल म्हणतात, एवढं तिने त्याला सांगितलं होतं. त्याने त्यात कधी बोट घातलं नाही. तुझं ते काळं, माझं हे पिवळं, असं म्हणून तो आपल्या पितळेकडे वळायचा.

ती गेल्यावर कितीतरी दिवस त्या कोपऱ्यावरचं कापड त्याने काढलं नाही. हाताने होईल तेवढं काम करत राहिला. पण नव्या दवाखान्याचं काम तिच्या आजारपणाच्या आधीच घेतलेलं होतं. प्रत्येक दारासाठी पाटी, शिवाय कपाटांवरच्या आणि जिन्यातल्या. दवाखाना सुरू व्हायचा दिवस ठरला होता. डॉक्टरबाई एकदा येऊन गेल्या, मग त्यांचा फोन आला. दोन्ही वेळा गोड बोलल्या. तिसऱ्या वेळी बोलायला येणार नाहीत, थेट दुसरीकडे जातील, हे न कळण्याइतका तो नवखा नव्हता. छिन्नीने एवढं काम वेळेत उरकणं शक्य नव्हतं. त्याने कापड काढलं.

पासवर्ड त्याला माहीत होता, कारण टाइप करताना ती तो पुटपुटायची. कसला हुकूम दिला की मशीन कोरतं, तेही तिने पडद्याच्या कडेला चिठ्ठी डकवून ठेवलं होतं. त्याने बटण दाबलं, तिचं नाव घातलं, पासवर्ड घातला, आणि पडदा एकदम बोलायला लागला. ओळीवर ओळ. आधी स्वागत. मग मदत कुठे मिळेल त्याचे पत्ते. मग मशीनच्या पोटात किती जागा उरली आहे ते. मग नवीन आवृत्ती आली आहे. मग इतक्या सुधारणा शिल्लक आहेत, त्यातल्या इतक्या तातडीच्या. मग चांदणीसारख्या खुणांच्या मधे, मशीन बंद करून पुन्हा चालू करा. सगळं इंग्रजीत. आणि सगळ्यात खाली एक साधी ओळ: यापूर्वी कधी आत आलात ते. रविवार, तारीख, दुपारचे चार वाजायला दहा मिनिटं.

तो स्टुलावर बसला. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला इस्पितळात नेलं होतं. ती परत आली नाही.

त्या दिवशी त्याने काम केलं नाही. ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. संध्याकाळी दिवा घालवावा तसं बटण दाबून मशीन बंद केलं आणि घरी गेला. उद्या पुन्हा बघू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगळी बडबड तशीच होती, फक्त शेवटची ओळ बदलली होती. तिथे कालची तारीख, सकाळची वेळ. त्याची स्वतःची.

म्हणजे आपणच आपल्या हाताने तिची ओळ पुसली, असं त्याने धरलं. पितळेवर एकदा दुसरं अक्षर कोरलं की खालचं परत येत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं. कोणाला बोलला नाही. रोज सकाळी मात्र आशेने सगळ्या ओळी वाचायचा. बंद करून चालू करा म्हटलं की निमूट बंद करून चालू करायचा. दोन दिवस ती चांदण्यांची ओळ गप्प राहायची, मग पुन्हा हुकूम. आणि तळाला रोज त्याचा स्वतःचा कालचा दिवस. तिथवर पोचेपर्यंत हातातला जीव जायचा. दिवसाला कशाबशा दोन-तीन पाट्या व्हायच्या, त्यातली एखादी वाया जायची.

शेवटी त्याने मेहुणीला फोन केला. बायकोची धाकटी बहीण एका मोठ्या कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळायची. बायकोला हे सगळं शिकवलं तेही तिनेच. मशीन फार बोलतंय, त्याचं तोंड बंद करून दे, एवढंच तो म्हणाला. ती सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन आली.

आल्याआल्या तिने त्याला स्टुलावरून उठवलं, स्वतः बसली आणि पडदा वर-खाली करून पाहिला. हे सगळं तो रोज वाचतो, हे ऐकून तिला हसू आलं. ताईने यातली एक ओळ कधी वाचली नाही, म्हणाली. ताई म्हणायची, बोलू दे त्याला, दमला की गप्प बसेल.

"तुमचंही तसंच होतं, भावजी," ती म्हणाली. "तुम्ही सकाळी पेपर मोठ्याने वाचायचात, आणि ती हं, हं करत कणीक मळायची. एक अक्षर ऐकत नव्हती."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी कधीकधी मधेच काहीतरी भलतंच वाचायचो. तरी हंच."

दोघं थोडं हसले. मग तिने उपाय सांगितला. आपल्या घरात, म्हणजे या नावाच्या फोल्डरमध्ये, एक फाईल ठेवायची. तिचं नाव ठरलेलं, सुरुवातीला एक टिंब. मशीनच्या दाराशी जणू एक माणूस असतो, ती दिसली की तो समजतो, यांना बडबड नको, आणि काही न बोलता आत सोडतो.

त्या फाईलमध्ये काय लिहायचं, असं त्याने विचारलं. काहीच नाही, ती म्हणाली, रिकामीच असते. नुसती तिथे असली की पुरे. हे त्याला पटायला वेळ लागला. आयुष्यभर पाट्या केल्या, पण एक अक्षर न कोरता लोकांना गप्प बसवणारी पाटी त्याने पाहिली नव्हती.

"आणि ती शेवटची ओळ?" त्याने विचारलं. "तीपण जाईल?"

"सगळंच जाईल."

"जाऊ दे," तो म्हणाला. पण म्हणता म्हणता तो चिंधी उचलून स्वच्छ पाटीच पुसायला लागला.

मेहुणीने हात आवरला. काय झालंय ते तिने विचारलं, आणि दोनदा टाळून झाल्यावर त्याने सांगितलं. रविवारची ओळ होती, माझ्यामुळे गेली. आता तिच्या जागी रोज मीच दिसतो, ते बघवत नाही.

तिने मान हलवली. अहो, ती ओळ म्हणजे दारावरच्या माणसाची नुसती आठवण, म्हणाली, त्याला फक्त काल कोण आलं तेवढंच आठवतं. हजेरी आत वेगळी असते. आणि तिने एक छोटा हुकूम टाइप केला.

पडद्यावर रांगा उमटल्या. प्रत्येक रांगेत नाव, वार, आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ. सगळं तिचं नाव, लहान इंग्रजी अक्षरांत. पहिलं अक्षर मोठं का नाही, यावरून त्याने पूर्वी तिच्याशी हुज्जत घातली होती. मशीनला आवडत नाही म्हणाली होती. त्याने सवयीने वरून वाचायला घेतलं. सर्वांत वरची रांग आजची होती. नाव, आजची तारीख, आणि बाहेर पडायच्या वेळेच्या जागी तीन इंग्रजी शब्द. अर्थ त्याने जुळवला. अजून आत आहे.

मेहुणीनेही ते तेव्हाच वाचलं असावं. तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा घातला.

मग तिने हळू आवाजात समजावलं. तुम्ही ताईच्या नावाने आत येताय, त्यामुळे मशीनला वाटतंय तीच येते. इतके दिवस तीच येतेय. चूक अशी काही नाही. मी ती रिकामी फाईल ठेवते, तुम्ही असंच तिच्या नावाने काम करत राहा. कोणाचं काय बिघडतं.

तिच्या बोलण्यावरून त्याला कळलं की तिलाही तेच हवं होतं. ताई अजून आत आहे, असं निदान एका ठिकाणी तरी राहावं. त्यालाही क्षणभर तसंच वाटलं. पण त्याचा धंदा पाट्यांचा. भाडेकरू बदलला की लोक त्याच्याकडे यायचे, आणि कोणी म्हणालं की जुनीच राहू द्या, पत्र टाकणाऱ्याला सवय आहे, तर तो ते काम घेत नसे. दारावर ज्याचं नाव, तोच आत पाहिजे, म्हणायचा. नाहीतर दार ठोठावणाऱ्याची फसवणूक होते.

"नको," तो म्हणाला. "माझं नाव वेगळं घाल."

रांगा तो खाली खाली वाचत गेला. त्याला फरक दिसायला लागला. अलीकडच्या सगळ्या रांगांच्या शेवटी वेळ नव्हती, एकच शब्द होता. आत असतानाच मशीन बंद पाडलं, असा त्याचा अर्थ मेहुणीने सांगितला. ती त्याची बटणं दाबलेली. त्याखाली जिथून रीतसर वेळा लागल्या, तिथून ती. ती नेहमी आधी नीट बाहेर पडायची, मग बटणाला हात लावायची. कुठली रांग कोणाची, हे ओळखायला तारखा जुळवायची गरजच नव्हती.

आणि तिच्या सर्वांत वरच्या रांगेत तो रविवार होता. आत, चारला दहा कमी. बाहेर, चार वाजून गेल्यावर. अर्धा तास.

त्या अर्ध्या तासात काय झालं ते त्याला आठवलं. आतापर्यंत नुसती आत येण्याची वेळ होती, म्हणून आठवलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरची पाटी होती. अक्षरं फार चिकटलीत, असं तो बाकावरून म्हणाला. दात दाखवायला येणारा माणूस अक्षरांतली फट मोजत नाही, असं ती म्हणाली. तरी पुन्हा बसली, प्रत्येक अक्षर जरा जरा सरकवलं आणि नवी पाटी कोरून काढली. तो म्हणाला, आता बरी झाली. ती म्हणाली, बरी काय, सुरेख म्हणा. तो म्हणाला, सुरेख.

हे त्याने मेहुणीला सांगितलं.

मग तिने त्याला एक गोष्ट बजावली: ही हजेरी कायम राहत नाही, जुनी झाली की मशीन स्वतःच टाकून देतं. म्हणून तिने ती सगळी दुसऱ्या फाईलमध्ये उतरवून ठेवली, आणि कुठे ते त्याला दोनदा दाखवलं. त्यानंतर त्याच्या नावाचं खातं काढलं, कोरायच्या मशीनची परवानगी त्याला दिली. नाव लहान अक्षरांतच. त्याने या खेपेला हुज्जत घातली नाही. तो पासवर्ड टाकत असताना तिने तोंड दुसरीकडे फिरवलं.

आता तिच्या नावातून बाहेर पडायचं राहिलं होतं. मेहुणीने कीबोर्डवर बोटं ठेवली आणि ती तशीच राहिली.

"सरक," तो म्हणाला. "मी करतो."

चार इंग्रजी अक्षरांचा शब्द, एक्झिट. तो एका बोटाने शोधत गेला. एक्स सापडायला जरा वेळ लागला. सगळी बरोबर आहेत का ते पुन्हा वाचून पाहिलं आणि मग एंटर दाबलं. पडदा रिकामा झाला. वर एकच प्रश्न, कोण आहे.

त्याने आपलं नाव घातलं. पुन्हा सगळी बडबड झाली, पण तळाची ओळ नव्हती. या नावाने आधी कोणी आलंच नव्हतं. ती रिकामी फाईल त्याने स्वतः केली. मेहुणी हुकूम सांगत होती, तो टाइप करत होता, टिंबासकट. बाहेर पडून पुन्हा आत आला तेव्हा मशीन काही बोललं नाही. त्याचं नाव, आणि पुढे लुकलुकणारी एक रेघ.

"झालं," मेहुणी म्हणाली. "आता बोला त्याच्याशी. ऐकतंय."

दोघांनी डबा खाल्ला. जाताना तिने कोपऱ्यावरचं कापड घडी करून घेतलं, धुऊन आणते म्हणाली. ते त्याच कामासाठी परत हवं, असं त्याने सांगितलं. पितळेची भुकटी उडते.

पुढच्या काही दिवसांत दवाखान्याच्या पाट्या झाल्या. डॉक्टरबाई स्वतः न्यायला आल्या. एक पाटी उजेडात धरून म्हणाल्या, बरी झालीय की. पाटीवाला बरी हा शब्द ऐकून काहीतरी म्हणणार होता, पण राहू दिलं.

रोज संध्याकाळी तो आधी ती चार अक्षरं टाइप करायचा, मग बटण. आणि शेजारच्या चहावाल्याने एकदा हसत दाखवून दिलं, सकाळी स्टुलावर बसून पासवर्ड घालताना तो हलक्या आवाजात पुटपुटत होता, बायको पुटपुटायची तसाच.