उसवलेला डावा ग्लोव्ह

झिपरीचे बाबा ग्लोव्हज दुरुस्त करायचे. थंडीचे नव्हेत, गोलकीपरचे. तळव्याचा फोम फाटला, मनगटाचा पट्टा सुटला, बोटांची शिवण उसवली, की गल्लोगल्लीचे गोलकीपर त्यांच्या दुकानाची पायरी चढत. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी शिलाईचं मशीन, खिडकीखाली काम करायचा ठोकळा, आणि भिंतीवरच्या फळीत ओळीनं उभे केलेले लाकडी हात. दुरुस्त झालेला ग्लोव्ह या लाकडी हातावर चढवायचा आणि गोंद पुरता वाळावा म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवायचा, ही बाबांची पद्धत. त्यात बदल नाही.

आता असल्या घरात जन्मलेल्या मुलीला गोलकीपर व्हावंसं वाटलं तर त्यात तिचा काय दोष? पण बाबांनी वीस वर्षं गिऱ्हाइकांची बोटं पाहिली होती. कुणाचं बोट वाकडं, कुणाचं सरळच होत नाही, कुणाचा अंगठा उचकटून पुन्हा बसवलेला. त्यामुळे त्यांनी अकरा वर्षांच्या लेकीला निक्षून सांगितलं होतं, की पळ, लाथा मार, गुडघे फोडून ये, पण गोलमध्ये उभी राहिलीस तर मैदान बंद. कायमचं. आणि बाबा बोलले की बोलले.

झिपरीनं मुकाट्यानं मान डोलावली. मुकाट्यानं मान डोलावणाऱ्या पोरांवर कधी विश्वास ठेवू नये, पण हे बाबांना कोण सांगणार? आपण बचावात खेळतो असं तिनं घरी ठोकून दिलं. गोलकीपर तरी दुसरं काय करतो, तेव्हा हे काही खोटं नव्हे, असं तिनं स्वतःला बजावलं आणि त्याच दिवशी गोलमध्ये जाऊन उभी राहिली.

राहता राहिले ग्लोव्हज. तेही फळीवर आयते होते. बाबा दुपारी तीनला सामान आणायला बाहेर पडत ते पाचला परतत. झिपरी शाळेतून यायची, लाकडी हातावरची एखादी जोडी उतरवायची, तिथे टाकून दिलेली जुनी जोडी चढवायची आणि धूम ठोकायची. हात तिचे बाबांवर गेलेले, वयाच्या मानानं चांगले थोराड. पावणेपाचला परत आली की ओल्या फडक्यानं तळवे पुसून ग्लोव्हज जागच्या जागी. चार महिने हा कारभार बिनबोभाट चालला होता.

बिनबोभाट म्हणजे काय, बोभाटा झालाच, पण भलताच. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, की काका, हल्ली तुमच्याकडचे ग्लोव्हज कसे हाताला एकदम सरावल्यासारखे बसतात. पूर्वी आठवडाभर कडक लागायचे. बाबांनी बोटानं तळवे चाचपून पाहिले. खरंच मऊ. त्यांनी विचार केला आणि त्यांना पटलं, की ही सगळी नव्या गोंदाची करामत. मग काय, त्यांनी तो महागडा गोंद डब्याडब्यानं आणला. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं कौतुक ऐकवलं. शेजारच्या चांभाराला तर इतकं ऐकवलं की त्या बिचाऱ्यानंही एक डबा घेतला, आणि त्याच्या चपला होत्या तशाच लाकडासारख्या राहिल्या. झिपरी हे सगळं ऐकत कोपऱ्यात गृहपाठ करायची आणि हसू आवरायला पेन्सिल चावायची.

तर त्या दिवशी फळीवर कॉलेजच्या गोलकीपर ताईचे ग्लोव्हज होते. ताई उंचीला ताडमाड, पण हात लहानसे. दुसऱ्या दिवशी तिचा अंतिम सामना, आणि संध्याकाळी सहाला ती ग्लोव्हज न्यायला येणार होती. शहाण्या मुलीनं असल्या जोडीला हात लावला नसता. झिपरीनं लावला, कारण इतके झकास ग्लोव्हज तिनं जन्मात घातले नव्हते.

मैदानावर जाईपर्यंत तिच्या एक गोष्ट लक्षात आली. डाव्या हाताची करंगळी मिटत नव्हती. अशा भारी ग्लोव्हजमध्ये प्रत्येक बोटाच्या पाठीमागे, अस्तराच्या आत, खाचांची एक प्लास्टिकची पट्टी असते. ती पुढे वाकते, मागे वाकत नाही, म्हणजे जोराचा चेंडू लागला तरी बोट उलटं मोडत नाही. ताईची करंगळीची पट्टी तुटली होती आणि बाबांनी कालच नवी बसवली होती. नव्या गोंदामुळे ताठ वाटत असेल, असं म्हणून झिपरीनं तो विचार झटकला. बाप सगळं श्रेय गोंदाला देई, लेकीनं दोषही त्यालाच दिला.

बेकरीवाल्याच्या थोरलीला सगळे तोफ म्हणत, आणि उगाच म्हणत नव्हते. तिनं दहा पावलांवरून चेंडू हाणला. झिपरीनं डावीकडे अंग झोकून दिलं. चेंडू थेट करंगळीच्या टोकावर आदळला, बोट मागे गेलं, अजून मागे गेलं, आणि काडी मोडावी तसा आवाज झाला.

झिपरी ओरडली नाही. ओरडायला श्वास लागतो, तो नव्हताच. डोळ्यांपुढे पिवळंधमक झालं आणि हात कोपरापर्यंत पेटला. तिनं ग्लोव्ह ओढून पाहिला, तर असली कळ गेली की ती मटकन खाली बसली. बोट आतल्या आत सुजून घट्ट अडकलं होतं. तोफेनं रडत रडतच तिला सायकलवर घातलं आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेऊन सोडलं.

डॉक्टरीणबाई कामाला वाघ होत्या. त्यांनी बर्फ लावला, दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं आणि मोठी कात्री उचलली. कात्री पाहताच, इतका वेळ दात-ओठ खाऊन बसलेल्या झिपरीनं असा काही गळा काढला की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

"हवं तर बोट कापा," ती म्हणाली, "पण ग्लोव्ह कापू नका."

डॉक्टरीणबाईंनी बरेच पेशंट पाहिले होते, पण हे नवीन होतं. त्यांनी समजूत घातली, दरडावलं, बोटाचा रक्तपुरवठा वगैरे सांगून घाबरवलं. पोरगी हात पाठीमागे धरून भिंतीला चिकटली. शेवटी त्यांनी तिच्याकडून दुकानाचा नंबर घेतला.

बाबा आले ते अंगातल्या एप्रनसकट, हातात हत्यारांची पिशवी. आधी त्यांनी लेकीचा चेहरा पाहिला. मग हात. मग ग्लोव्ह. ग्लोव्ह ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. त्यांनी हत्यारांची पिशवी जमिनीवर ठेवली, आणि झिपरीची पाचावर धारण बसली. संपलं मैदान, तिला वाटलं. हाडापेक्षा तेच जास्त दुखलं.

डॉक्टरीणबाईंनी मोजून दहा मिनिटं दिली. बाबा गुडघ्यांवर बसले, तिचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि टाके कापायच्या बारीक पात्यानं करंगळीची शिवण उसवायला लागले. माझा टाका कधी उसवत नाही, असं ते छाती काढून सांगत. आता त्याच टाक्यांनी त्यांना घाम फोडला. दुहेरी दोरा आणि प्रत्येक तिसऱ्या टाक्याला गाठ.

"कुठल्या गाढवानं इतक्या गाठी मारल्यात?" ते पुटपुटले.

हे कुणाचं काम, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. माझंच, असं बाबांनी सांगितलं आणि पुढची गाठ कापली.  स्वतःच्या कामाला नावं ठेवताना बाबांना झिपरीनं कधी ऐकलं नव्हतं, आणि तिला स्वतःच्या बोटापेक्षा त्यांचीच काळजी वाटायला लागली.

करंगळीची पाठ उघडली. बाबांनी आतली पट्टी अलगद ओढून काढली, बाजूला ठेवणार इतक्यात थांबले. पट्टी तळहातावर घेऊन त्यांनी पुढे वाकवली. वाकेना. मागे वाकवली. सहज वाकली. बसवलेली होती तशीच त्यांनी ती पुन्हा बोटावर धरून पाहिली, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पट्टी उलटी होती. करंगळी मिटत का नव्हती आणि मोडली का, ते दोघांनाही एकदमच कळलं. दवाखान्यात हे कळण्यासारखी माणसं दोनच होती, एक ग्लोव्हज शिवणारा आणि एक त्याची लेक.

बाबांनी पट्टी एप्रनच्या खिशात टाकली. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, हाड मोडलंय म्हणाल्या, बोट सरळ केलं (त्या मिनिटाबद्दल न बोललेलं बरं) आणि मनगटापर्यंत प्लास्टर घालून चार आठवड्यांची मुदत दिली.

परतताना दोघं शेजारी शेजारी चालत होते. अर्ध्या रस्त्यात बाबांनी विचारलं.

"किती दिवस चाललंय हे?"

चार महिने, झिपरी म्हणाली. बाबांनी मनातल्या मनात चार महिने मागे जाऊन पाहिलं आणि ते जागीच थबकले.

"म्हणजे तळवे मऊ व्हायचे ते..."

"खेळून," झिपरी म्हणाली.

घरात त्या गोंदाचे अजून पाच डबे होते. बाबांनी डोळे मिटले. आता त्यांना हेही आठवलं, की ती पट्टी बसवताना शेजारचा चांभार तक्रार घेऊन आला होता, आणि त्याला गोंदाचे गुण पटवून देण्याच्या नादात त्यांचं हातातल्या कामाकडे लक्षच नव्हतं. कुणावर रागवावं तेच त्यांना समजेना. पोरीवर रागवायला जावं तर खिशात पट्टी टोचत होती.

झिपरी मात्र त्या पट्टीचाच विचार करत होती. हात ठणकत होता, पण डोकं शाबूत होतं. कॉलेजच्या सगळ्या संघांचं काम बाबांकडे येई. ताईनं तिकडे पट्टीची गोष्ट सांगितली की ते काम गेलं, आणि बाबांचं नावही गेलं. दुकान दिसायला लागलं तशी ती हळूच म्हणाली, "मी ताईला सांगते, की ग्लोव्ह मी चोरून नेला आणि मीच फाडला. पट्टीचं कुणाला कळणार नाही. फक्त मला गोलमध्ये उभं राहू द्यायचं."

काय पण बेरकी कार्टी. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दुकानाची पायरी चढले.

ताई दुकानात स्टुलावर बसून त्यांची वाटच पाहत होती. प्लास्टर पाहून ती उठली. उसवलेला ग्लोव्ह पाहून पुन्हा बसली. झिपरीनं घसा साफ केला, मघाशी जुळवलेली कबुली तिच्या ओठांवर होती. पण बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला गप्प केलं आणि खिशातली पट्टी काढून ताईच्या हातात दिली.

"ही मी उलटी बसवली होती," ते म्हणाले. "हिनं न विचारता ग्लोव्ह नेला नसता, तर उद्या तुझं बोट मोडलं असतं. चूक माझी आहे. कॉलेजात सांगायचं असेल तर सांग, मी नाही म्हणणार नाही."

ताईनं पट्टी पुढेमागे वाकवून पाहिली. मग स्वतःच्या करंगळीकडे पाहिलं. मग झिपरीजवळ जाऊन तिनं विचारलं, की फार दुखतंय का. हो, झिपरी म्हणाली, आणि दवाखान्यात कात्री पाहूनही आलं नव्हतं असलं रडू तिला आता आलं.  तिनं एवढा झकास सौदा मांडला होता, आणि त्यांनी तो ऐकूनही न ऐकल्यासारखा केला होता. आता तिच्या हातात सौद्याला काहीच उरलं नव्हतं.

बाबा ठोकळ्यापाशी बसले. पट्टी बसवताना त्यांनी ती चारदा वाकवून पाहिली, ताईकडूनही वाकवून घेतली, आणि मग शिवण घातली. चांभार दारात डोकावला, तर त्याला हातानंच वाटेला लावलं. डावा ग्लोव्ह झाला तसा त्यांनी उजवा उचलला. त्याला हात लावायची काही गरज नव्हती, तो सुस्थितीत होता. तो त्यांनी झिपरीपुढे धरला.

"घाल. एकेक बोट मिटून दाखव."

झिपरीनं नाक पुसलं आणि धडधाकट उजवा हात आत घातला. करंगळी मिटली, बाकीची बोटंही मिटली. मग तिनं कपाळाला आठी घातली.

"अंगठा आवळतोय."

बाबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. ही खोडी आहे की खरं, ते तिच्या तोंडावरून ओळखणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. ताईनं ग्लोव्ह स्वतः घालून पाहिला आणि संकोचत म्हणाली, की हो काका, पहिल्यापासूनच आवळतो, पण तुमच्या शिवणीला नावं कशी ठेवायची म्हणून बोलले नाही.

बाबांनी अंगठ्याची शिवण उसवायला घेतली. दोनतीन टाके सुटले, तरी त्यांनी मान वर केली नाही.

"आजपासून दुकानाबाहेर जाणारी प्रत्येक जोडी आधी तुझ्या हातात," ते म्हणाले. "चार आठवडे उजव्या. प्लास्टर निघालं की दोन्ही."

झिपरी सरसावून बसली. "कुठे तपासायची? इथे दुकानात, की गोलमध्ये?"

बाबांनी दोरा दातानं तोडला.

"पट्टी उलटी आहे हे मला दुकानात बसून कळलं का?" ते म्हणाले, आणि अंगठ्याला नवा टाका घालायला लागले.