घरातला दुभाष्या

अण्णा नगरातल्या त्या फ्लॅटमध्ये मराठी होती, पण ती फक्त भांडायला आणि लपवायला. विद्याधर बँकेच्या बदलीपायी इथे तमिळ मुलखात आले आणि इथलेच झाले. त्यांच्या बायकोनं, सुनंदाबाईंनी, पंचवीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. लेक रुचा बोबडं बोलू लागली तसं बाईंनी फर्मान काढलं, घरात इंग्रजीच. तमिळ तर पोरगी जिन्यात खेळताखेळताच शिकली. मराठी उरली ती लेकीच्या देखत नातेवाइकांची उणीदुणी काढण्यापुरती. आईबाप मराठीत शिरले की रुचा शहाण्यासारखी उठून आपल्या खोलीत जायची. त्या शहाणपणाचं दोघांना केवढं कौतुक! आपणच लेकीला बाहेर काढतोय, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मार्चमध्ये सुनंदाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, इंग्रजी गेलं, तमिळही गेली. बोलायला-समजायला राहिली माहेरची मराठी तेवढी. असं होतं कधीकधी, डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून विद्याधर मायलेकींचे दुभाषे झाले. औषध, जेवण, उशी एवढ्यापुरतं त्यांचं बरं चालायचं.

आज रुचा दोन वर्षांसाठी जर्मनीला निघाली होती. सिरुसेरीच्या आयटी पार्कातल्या तिच्या ऑफिसनंच पाठवलं होतं. टॅक्सी खाली येऊन उभी होती. ती आईच्या पलंगापाशी वाकली, तशी सुनंदाबाईंनी डाव्या हातानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"अहो, हिला सांगा," त्या अडखळत म्हणाल्या, "दुसरीत होती, तापानं फणफणली होती. मी शेजारी बसून पेपर तपासत होते. कपाळावर हातसुद्धा ठेवला नाही. ते मला अजून खातं. सांगा, नुसता धाक दाखवत राहिले, पण जीव होता माझा हिच्यावर. फार जीव होता."

रुचानं वडिलांकडे पाहिलं. "अप्पा? व्हॉट इज शी सेइंग?"

विद्याधरांनी जन्मभर इंग्रजीत बँकेची पत्रं लिहिली होती. त्या इंग्रजीत हे कुठं बसवायचं? शिवाय लेकीसमोर असलं काही बोलायची त्यांना कधी सवयच नव्हती. खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला.

"शी इज प्राउड ऑफ यू," ते म्हणाले. "टेक केअर, म्हणतेय."

"थँक यू, अम्मा. यू टू." रुचानं आईच्या गालाला गाल लावला, हळूच मनगट सोडवलं आणि बॅग ओढत निघून गेली.

लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. विद्याधर पलंगाच्या कडेला बसले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

"सगळं सांगितलंत ना?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"हो. सगळं."

बाईंनी दाराकडे पाहिलं.

"मग ती रडली कशी नाही हो?"