तारवातला उपाशी पक्षी

शुक्रवारी दुपारीच थोरलीने चष्म्यांचं दुकान बंद केलं, स्वयंपाक उरकला, बाबांचे कपडे बॅगेत भरले आणि शब्बाथचे दिवे लावून खुर्चीत टेकली. ज्यूंच्या या विश्रांतीच्या दिवशी शनिवार मावळेपर्यंत काम, नवा विस्तव, फोन सगळं बंद. अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं.

रविवारी सकाळी गाडी येणार होती. बाबांना वृद्धाश्रमात ठेवायचं, असं दोघा भावंडांनी ठरवलं होतं. म्हणजे ठरवलं धाकट्याने, थोरलीने फक्त मान डोलावली. धाकटा परगावी राहायचा. चार दिवसांसाठी येणाऱ्याला सगळं पटापट सुचतं, त्याचं काय जातं!

बाबांचं डोकं आताशा ठिकाणावर नसे. बुधवारी सूप द्यायला उशीर झाला, तर त्यांनी तिला सरळ फटकावलंच. डोळा काळानिळा झाला. तेव्हापासून त्यांनी खायला मागणंच सोडलं. वाटी समोर आली की भिंतीकडे तोंड करायचे.

"बघ, आता भूकही कळत नाही त्यांना," धाकटा म्हणाला. "हे तुझ्या हाताबाहेर गेलंय, ताई."

तिलाही ते पटलं. खरं तर ते पटावं अशीच तिची इच्छा होती, इतकी ती थकली होती.

शनिवारी दुपारी बाबांचे जुने शिष्य नेहमीसारखे आले. वर्षानुवर्षं गुरुजींनी त्यांना तोरा या धर्मग्रंथाचा दर आठवड्याचा भाग जुन्या रब्बींच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, भाष्यासकट समजावून सांगितला होता. गुरुजींची स्मृती गेल्यापासून हे लोक त्यांच्याच खाटेशी बसून त्यांचंच भाष्य त्यांना ऐकवत. या आठवड्यात महापुरातून साऱ्या प्राण्यांना वाचवणाऱ्या नोहाचं तारू होतं. शिष्यांत वयाने मोठा कुलूपवाला. तो थेट गुरुजींच्या थाटात बोले, मधलं खाकरणंसुद्धा तेच.

"वर्षभर नोहाच्या डोळ्याला डोळा नाही," तो सांगू लागला. "कुणी जनावर दिवसा खाणारं, कुणी रात्री. बाप राबला, मुलगेही राबले. एकदा सिंहाला खाणं द्यायला उशीर झाला, तर सिंहाने असा तडाखा दिला, की नोहा तारवातून लंगडतच उतरला."

सगळ्यांची नजर थोरलीच्या डोळ्यावर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. ती उगाचच बाबांची उशी सारखी करू लागली.

"आणि कोपऱ्यात एक पक्षी गप्प पडून होता," कुलूपवाला घाईघाईने म्हणाला आणि थांबला.

इथला प्रश्न थोरलीचा असे. लहानपणी ती नोहा व्हायची आणि बाबा पक्षी. पुढे ती वाढली, पण दरवर्षी प्रश्न तिनेच विचारायचा हे घरात ठरूनच गेलं. आज तिला मुळीच मन नव्हतं. तरी तिने विचारलं, "तुला खायला नको का रे?"

बाबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं.

"तू कामात होतीस. म्हटलं, आणखी त्रास कशाला द्यायचा."

पक्ष्याचं उत्तर, जसंच्या तसं! शिष्य हरखले. गुरुजींना आठवत होतं तर. पण बाबांचा हात हळूच वर आला आणि तिच्या सुजलेल्या डोळ्याखाली टेकला.

"फार लागलं का गं?"

हे कुठल्याच भाष्यात नव्हतं.

थोरली सगळ्यांसमोर रडली. तिचे कष्ट वाचावेत म्हणून हा माणूस बुधवारपासून उपाशी होता, आणि तिने त्याची बॅग भरून ठेवली होती. रडून थकवा गेला नाही.

"दिवस मावळला की फोन कर," ती धाकट्याला म्हणाली. "गाडी नको म्हणून सांग."

"अगं, पण तू एकटी कशी..."

"एकटी कशाला? आत्ताच ऐकलंस ना, मुलगेही राबत होते."

धाकट्याने आशेने शिष्यांकडे पाहिलं. ते सगळे पुस्तकात डोकं घालून बसले होते. शेवटी तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. शेगडीवर सूप कालपासून गरम ठेवलेलं होतं. एकामागून एक खण उघडल्याचे आवाज आले.

"ताई," त्याने आतून विचारलं, "चमचे कुठे असतात?"