बंड्याच्या झोपेची तपासणी

जयंतीबाईंना रात्र रात्र झोप लागत नाही, हे त्यांनी लेकाला कितीदा सांगून पाहिलं होतं. "या वयात होतंच गं, आई," म्हणून केयूरने दर वेळी उडवून लावलं. बंड्याला झोप लागत नाही म्हटल्यावर मात्र मुलुंडच्या त्या घरावर आभाळ कोसळलं. ज्याचं त्याचं नशीब, दुसरं काय!

बंड्या हा घरातला म्हातारा कुत्रा. मागचे पाय आखडलेले, निजायचा जयंतीबाईंच्या खाटेशी. जनावरांच्या डॉक्टर मानसीने त्याच्या गळ्यात हालचाल मोजणारा पट्टा बांधला. हालचाल थांबली की पट्टा ती झोप धरतो. पण दुखणारं जनावरही निपचित पडतं, टक्क उघड्या डोळ्यांनी. म्हणून जोडीला खोलीत कॅमेरा लावला.

कॅमेरा आपल्याच खोलीत, हे पाहून जयंतीबाईंना आशा वाटली. नवरा गेल्यापासून आई रात्र कशी काढते, ते आता तरी पोराला दिसेल. तोंडाने सांगून पटत नाही, तर डोळ्यांनी बघ म्हणावं.

आठवड्याने केयूर, त्याची बायको गार्गी आणि जयंतीबाई दवाखान्यात पडद्यासमोर बसले. चित्रात रात्रीच्या अंधारात बंड्या कण्हत होता. खाटेच्या कडेला जयंतीबाई उठून बसलेल्या, खाली वाकून त्याला थोपटत होत्या. मानसीने चित्र पुढे सरकवलं, तरी तेच. आणखी पुढे, तरी तेच. जयंतीबाई श्वास रोखून लेकाकडे बघत राहिल्या.

"बिचारा बंड्या!" गार्गीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एक मिनिट, हा हात बघा," मानसी म्हणाली. जयंतीबाईंना वाटलं, दिसलं बाई एकदाचं. "या थोपटण्याने पट्टा हलतोय. सगळ्या नोंदी बिघडल्यात. त्याला दुसरीकडे झोपवा."

केयूर वळला. "काय गं आई, पार वाट लावलीस! आधी सांगायचं ना!"

सांगायचं म्हणे! जयंतीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि आपल्याला चक्क कुत्र्याचा हेवा वाटतोय, याची लाजही वाटली. त्या एवढंच म्हणाल्या, "एकट्याला करमायचं नाही रे."

"होईल सवय."

संध्याकाळी गार्गीने बंड्याचं अंथरूण हॉलमध्ये नेलं. केयूरने कॅमेरा काढला आणि आईच्या खोलीचं दार ओढून घेता घेता म्हणाला, "बघ, आता तुझीही झोपमोड नाही."